फ्रेंचच्या वर्गातली फिरस्ती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी झुलती खुर्ची आहे, पण बसून राहणं काही माझ्या स्वभावात नाही. बसता ते तुम्ही. मी जन्मापासून एका जागी बसलेली नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानासुद्धा माझा डावा हात करकरतोय, पाठीच्या वेताला खाज सुटलीये, आणि कधी एकदा कुणीतरी येऊन झोका देतंय असं झालंय मला.

माझ्या या चुळबुळीला कारण आहे. ज्या झाडाचं मी लाकूड, ते झाड वादळात उन्मळलं आणि पडण्याआधी तीन मैल चालत गेलं, असं म्हणतात. कोण म्हणतं? मीच म्हणते. पण पुढचं मात्र खरं आहे. मला घडवणारा सुतार कसबी होता, फक्त लक्ष ठिकाणावर नव्हतं. एका डोळ्याने तो माझं माप घेत होता आणि दुसऱ्या डोळ्याने रस्त्यावरचं भांडण बघत होता. भांडण रंगात आलं, आणि माझ्या खालच्या दोन वाकड्या पट्ट्यांपैकी डावी पट्टी अर्धं बोट जास्त वाकली. झालं! इतर झुलत्या खुर्च्या जागच्या जागी झुलतात. मी झुलता झुलता पुढे सरकते. एका झोक्याला गव्हाच्या दाण्याएवढी, पण सरकते म्हणजे सरकतेच.

आधी मला दातांच्या डॉक्टरांनी नेलं, पेशंट बसायच्या खोलीत ठेवायला. दात दुखणारा माणूस स्वस्थ कुठला बसतोय? जो तो जोरजोरात झुलायचा. एक बाई एकविसाव्या नंबरच्या असून सातव्या नंबरला डॉक्टरांच्या दारात पोचल्या. बाकीच्यांनी आरडाओरडा केला. एक गृहस्थ तर घाबरून उलटे झुलले, ते जिन्यापर्यंत गेले आणि तिथून जे पळाले ते पळालेच. त्यांची दाढ अजून ठणकत असेल. डॉक्टरांनी हात जोडले आणि मला दारात काढून ठेवलं.

तिथून मला उचललं फ्रेंचच्या बाईंनी.

बाईंचा वर्ग घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर होता. एक मोठी खोली, काळ्या-पांढऱ्या चौकोनी फरश्या, एक फळा, अकरा बाकं, रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. खडूचा आणि खालून येणाऱ्या घड्याळाच्या तेलाचा वास. बाई फार मायाळू आणि फार शिस्तीच्या. फ्रेंच त्या पुस्तकातून शिकल्या होत्या. ते लोक, त्यांचे रस्ते, त्यांची स्वयंपाकघरं त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यामुळे शिकवायच्या काय? तक्ते. क्रियापदांचे लांबच लांब तक्ते. आणि एक वाक्य सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणून घ्यायच्या: "माझ्या काकांची छत्री बागेत आहे काय? नाही, ती पलंगाखाली आहे."

पहिल्याच दिवशी बाई माझ्यात बसून तक्ता म्हणू लागल्या. फळ्यापाशी सुरुवात केली आणि भूतकाळापर्यंत येताना दारात पोचल्या. मुलांना वाटलं, तास संपला. सगळे उठून घरी गेले. बाईंना कळेचना, आपण एकट्या कुणाला शिकवतोय!

हसू नका. त्यांना वाईट वाटलं होतं. वर्ग हळूहळू ओसरत चालला होता. अकरा बाकांवर पाच डोकी उरली होती, त्यातली दोन पेंगणारी.

एक दिवस वर्गात छत्रीचं वाक्य चाललं होतं, तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. रुंद खांदे, भाजलेले हात, भरघोस पांढरी मिशी. तरुणपणी जहाजावर स्वयंपाक केलेला माणूस. जन्म तिकडचा, फ्रेंच बोलणाऱ्या एका मासेमारांच्या गावातला. पण चाळीस वर्षांपूर्वी जहाजावरून इथे उतरला, इथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि आता आपली भाषा आपल्याइतकीच तिखट बोलायचा. सगळे त्याला खलाशीकाका म्हणत. घड्याळ दुरुस्तीला टाकल्यापासून रोज खाली येऊन बसत होता, आणि छतातून त्याच्या कानावर रोज ती छत्री आदळत होती.

"बाई," काका म्हणाले, "मी त्या मुलखात जन्मलो, एकोणीस वर्षं वाढलो. पण पलंगाखाली काकाची छत्री शोधणारा माणूस मला एकदाही भेटला नाही हो."

बाईंचे कान लाल झाले. "पुस्तकात आहे ते."

"पुस्तकात असेल. गल्लीत नाही."

"मग गल्लीत काय असतं?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "बसू का?" म्हणाले, आणि धपकन माझ्यात बसले. माझ्या चारही सांध्यांनी एकदम हाय खाल्ली, पण सांगते, मित्रांनो, तसं वजन त्याआधी कधी मला लाभलं नव्हतं.

त्यांनी फ्रेंचमध्ये गोष्ट सुरू केली. हळूहळू, हातवारे करत. सात वर्षांचे असताना आईने त्यांना पाव आणायला धाडलं. हे धावत दुकानात शिरले आणि म्हणाले, एक पाव द्या. पाववाली बाई भिंतीकडे बघत राहिली. हे पुन्हा म्हणाले, एक पाव द्या. तिने पिठाचे हात झटकले. तिसऱ्यांदा ओरडले, तर रांगेतल्या चार म्हाताऱ्या छताकडे बघायला लागल्या. छोट्या काकांना घाम फुटला. आपण मेलो की काय, कुणाला दिसतच नाही! शेवटी बाहेर गेले, दार लावलं, पुन्हा उघडलं आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बाँजूर!" नमस्कार! त्याबरोबर पाववाली हसली, म्हाताऱ्या हसल्या, पाव हातात पडला. काठीसारखा लांब आणि इतका गरम की घरी पोचेस्तोवर त्याचं एक टोक यांनी कुरतडून संपवलं होतं. आईने विचारलंसुद्धा नाही. कारण तिकडे पावाचं टोक कधी कुणाच्या घरी पोचतच नाही.

पेंगणारे दोघं जागे झाले होते. बाई खडू हातात धरून तशाच उभ्या. तीन महिने त्यांनी 'बाँजूर' शिकवलं होतं, पण तो शब्द म्हटला नाही तर माणूस दिसेनासा होतो, हे पुस्तकात कुठेच नव्हतं.

त्या दिवसापासून वर्गाचा नियम ठरला. ज्यांचं बालपण फ्रेंचमध्ये गेलं, त्यांनी माझ्यात बसायचं आणि स्वतःच्या घरातलं, स्वतःवर बेतलेलं सांगायचं. गावात अशी माणसं निघाली हो! एक शिवणकाम करणाऱ्या आजी आल्या. त्यांच्या गावी भेटल्यावर गालाला गाल लावायचा तो दोनदा, आणि सासरच्या गावी चारदा. लग्नात त्यांनी दोनदा गाल लावून तोंड फिरवलं आणि सासूबाईंचं चुंबन थेट नवरीच्या टोपीवरच्या कापडी द्राक्षांना गेलं. पुढे सहा वर्षं सासूबाई म्हणत होत्या, सून आंबट आहे.

वर्ग भरला. बाकं कमी पडली. आणि गोष्टी मोजायची आमची स्वतःची पद्धत पडली. सांगणारा खिडकीपाशी बसायचा आणि झुलत झुलत दाराकडे सरकायचा. मग मुलं फरश्या मोजायची. "शिवणआजींची चार फरश्यांची झाली!" "काकांची साडेसात!" खालचा घड्याळवाला तेवढा वैतागायचा. मी झुलले की छताची पूड त्याच्या उघड्या घड्याळांत पडायची. त्या गल्लीतली सगळी घड्याळं मागे पडत, असं म्हणतात. हेही मीच म्हणते.

आता जिच्यासाठी हे सगळं सांगतेय, तिच्याकडे येते. मघापासून येईन येईन म्हणतेय.

ती आली तेव्हा सत्तरीची होती. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, पायात पट्ट्यांच्या चपला, आणि तोंडाला उसंत नाही. टेलिफोनच्या ऑफिसात तिने एकतीस वर्षं बोर्डाच्या भोकांत तारा खुपसून माणसांचे फोन जोडून दिले होते, म्हणून तिला फोनआजी म्हणायचे. बोलण्यात अशी वस्ताद की जिना चढेपर्यंत तिने घड्याळवाल्याला पटवलं होतं, की तिच्या तरुणपणी एका फोनच्या तारेवरून मांजर पलीकडच्या गावाला गेलं होतं.

"काय शिकायचंय तुम्हाला, आजी?" बाईंनी विचारलं.

"एका गोष्टीपुरतं फ्रेंच द्या. बाकीचं राहू दे."

"असं एका गोष्टीपुरतं सुटं मिळत नाही हो."

"अख्खंच घ्यावं लागतं? बरं, बांधा."

सगळे हसले. ती हसली नाही. पहिल्या बाकावर बसली आणि तिने सांगितलं. मुलगा तिकडे नोकरीला गेला, तिकडचीच सून केली. नात सहा वर्षांची. तिला फक्त फ्रेंच येतं. दर रविवारी फोनच्या पडद्यावर ती पोरगी यायची, "बाँजूर, मामी" म्हणायची, जरा वेळ टुकुटुकु बघायची आणि पळून जायची. मग रिकामी खुर्ची दिसायची.

"एक तर मी हिची आजी," फोनआजी म्हणाली, "आणि ही मला मामी म्हणते! नातंसुद्धा धड लावत नाही."

"अहो, तिकडे आजीलाच लाडाने मामी म्हणतात," काका मागून म्हणाले.

"असं होय? मग म्हणू दे." पुढे म्हणाली, "तीन महिन्यांनी येणारेत, बारा दिवसांसाठी. लोकांचे लाखो फोन जोडले मी. माझ्या नातीशी माझाच लागत नाही. तिने माझ्याजवळ एक गोष्ट संपेपर्यंत बसावं, बस. एवढंच पाहिजे मला."

मित्रांनो, त्या दिवसापासून मलाही चैन पडेना. तीन महिने म्हणजे किती फरश्या, मी मोजत होते.

ती रोज वेळेआधी यायची. पण सत्तराव्या वर्षी शब्द डोक्यात राहतात का? सकाळचा शब्द दुपारी सांडलेला असायचा. हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती तो खुळखुळवत बसायची, मधेच उठायची, खिडकीतून रस्ता बघायची, परत बसायची. महिना गेला. दीड महिना गेला. तिला "मला पाणी हवंय" आणि "आज मंगळवार आहे" एवढंच सांगता येत होतं. एवढ्यात कसली गोष्ट होणार?

मग तिने एक युक्ती काढली. खलाशीकाकांची पावाची गोष्ट तिने सोळा वेळा ऐकली होती. ती तिने अख्खी पाठ करायला घेतली. वर्ग रिकामा असताना माझ्यात बसून घोकायची. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज ऐकलेला कान तो! काकांचा शब्द न् शब्द तिने उचलला. कुठे खोकायचं, कुठे मिशीवरून हात फिरवायचा, कुठे जहाजावरच्या आचाऱ्यासारखं खेकसायचं, सगळं.

नात यायला आठ दिवस राहिले तेव्हा तिने ती वर्गात म्हणून दाखवली. बरोबर साडेसात फरश्या! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळी वाजवली नाही ती फक्त काकांनी.

"उच्चार झकास," ते म्हणाले. "पण आजी, माझी मिशी तेवढी परत करा."

"म्हणजे?"

"गोष्ट माझी आहे. तुम्ही कधी गेलात त्या दुकानात?"

"मग काय झालं? गोष्टीला काय कुलूप असतं?"

"कुलूप नसतं. पण ती पोरगी रोज सकाळी तसल्याच दुकानात जाते. तिला तिचीच गल्ली सांगणार? तुम्हाला कुणी येऊन सांगितलं, की बाई गं, नळाला पाणी येतं, तर ऐकत बसाल?"

फोनआजीचा चेहरा उतरला, पण माघार घेईल ती कसली! "मग मी काय सांगू? माझ्या आयुष्यात झालंय काय? समोर भोकांचा बोर्ड आणि एकतीस वर्षांची पाठदुखी."

"तेच सांगा."

"कुठल्या शब्दांत? तुमच्या गोष्टीचे शब्द मला पाठ आहेत. माझ्या गोष्टीला शब्दच नाहीत माझ्याकडे." किल्ल्या उचलल्या आणि ती तरातरा जिना उतरून गेली.

तीन दिवस आली नाही. मी खिडकीपाशी रिकामी. वारा आला तरी झुलायचे. चौथ्या दिवशी ती आली, काकांकडे न बघता माझ्यात बसली आणि पुन्हा पावाचीच गोष्ट घोकू लागली. हट्टाने. मला तिच्या हातांतून कळत होतं. काकांचं म्हणणं तिला पटलं होतं, आणि म्हणूनच ती इतकी चिडली होती.

नात आली. बारा दिवसांतले अकरा दिवस काय झालं ते मी पाहिलं नाही, पण बाराव्या दिवशी दुपारी फोनआजी तिला हाताला धरून जिना चढत आली, तेव्हा तिच्या चालण्यावरूनच मला कळलं. गोष्ट सांगायची राहिली होती. घरात सून, व्याही, पाहुणे, बॅगा, खरेद्या. पोरगी कधी झोपलेली, कधी पळालेली. आजीने तीनदा तोंड उघडलं, तीनदा दारावरची घंटा वाजली. पाच वाजता मुलगा गाडी घेऊन खाली येणार होता, आणि तिथून थेट विमानतळ.

वर्गात बाई होत्या, काका होते, आणखी चार-दोन जण. पोरगी बाकावर बसली. आखूड केस, एक मोजा घसरलेला, पाय सारखे हलणारे. हिलाही बसवत नाही, म्हणजे आपल्यातलीच, मी म्हटलं.

आजी माझ्यात बसली. घसा खाकरला, काकांसारखा. आणि सुरू झाली. आई म्हणाली, जा पाव आण. मी दुकानात गेलो...

पोरगी ऐकत होती. अर्धी फरशी. एक फरशी. मग तिने फ्रेंचमध्ये विचारलं, "मामी, तू मासेवाल्या आजोबांसारखी का बोलतेस?"

आजीला फक्त 'मासे' कळलं. ती पुढे म्हणत राहिली.

"बाँजूर म्हणायचं असतं, मला माहितीये," पोरगी म्हणाली. "सगळ्यांना माहीत असतं." आणि उठून खिडकीपाशी गेली.

आजीचा आवाज पाव हातात पडायच्या आधीच थांबला. खालची सगळी घड्याळं ऐकू येत होती. भिंतीवर साडेचार. आजीने माझे हात इतके घट्ट धरले की माझी सालं निघतील असं वाटलं. काका पुढे झाले, तर बाईंनी त्यांची बाही धरली.

आणि मला राहवलं नाही. मी एक झोका घेतला. आपल्या मनाने. विश्वास ठेवू नका, पण घेतला. आजीचा तोल गेला, पाय जमिनीला टेकले आणि ती ताडकन उठून उभी राहिली. मागे वळली. माझ्या पाठीकडे बघत राहिली.

माझी पाठ वेताने विणलेली आहे, सगळीकडे बारीक बारीक भोकं. आजी त्या भोकांकडे अशी बघत होती, जशी एकतीस वर्षं समोरच्या बोर्डाकडे बघत आली होती.

ती खिडकीपाशी गेली, खाली वाकली आणि पोरीच्या बुटाची नाडी सर्रकन ओढून काढली.

"ए!" पोरगी ओरडली आणि नाडीच्या मागे धावली.

आजीने नाडीचं टोक माझ्या पाठीच्या एका भोकात खुपसलं. "घर," म्हणाली फ्रेंचमध्ये. दुसरं टोक दुसऱ्या भोकात. "घर." मग नाडीवरून बोट फिरवत नेलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी. मधे मी. आलो, आलो?" फोनवरच्या हॅलोला तिकडे 'आलो' म्हणतात.

पोरीचे डोळे मोठे झाले. "टेलिफोन?"

"टेलिफोन!"

आणि मग, मित्रांनो, जे सुरू झालं त्याला फ्रेंच म्हणायचं की नाही ते बाई ठरवतील. अर्धे शब्द, अर्धे हातवारे. दोन भाऊ. आजीने दोन बोटं दाखवली, मग ती एकमेकांवर आपटली. "भांडण," पोरीने शब्द दिला. हो, भांडण! एक भाऊ... आजीने किल्ल्यांचा जुडगा काढून खुळखुळवला. "किल्ल्या!" किल्ल्या करतो. दुसरा भाऊ कुलपं करतो. आधी दोघं एका दुकानात. भांडण झालं, आता दोन दुकानं, रस्त्याच्या दोन बाजूंना. पाच वर्षं बोलत नाहीत. किल्लीवाला किल्ल्या करतो त्या एकाही कुलपाला लागत नाहीत. कुलूपवाला कुलपं करतो ती एकदा लागली की उघडत नाहीत.

"ए आप्रे?" पोरगी म्हणाली. आणि मग? ती कधी माझ्यावर चढून गुडघ्यांवर बसली ते मला कळलं, तिला नाही. तोंड माझ्या पाठीकडे, हातात नाडी.

आणि मग सगळं गाव घराबाहेर! आजीने खिडकीकडे हात केला. डॉक्टर बाहेर, टपालवाला बाहेर, नवरदेव बाहेर आणि नवरी आत. पोरगी खिदळली. तिच्या खिदळण्याने मी झुलले. आजी शब्द विसरायची, पोरगी द्यायची. आजी चुकीचा घ्यायची, पोरगी बरोबर करून परत द्यायची. बाईंनी वहीत काही लिहायला घेतलं होतं, ते तसंच राहिलं.

मग आजीने, म्हणजे त्या बोर्डावरच्या तरुण मुलीने, काय केलं? एक नाडी किल्लीवाल्याच्या भोकात, एक नाडी कुलूपवाल्याच्या. पोरीने दुसऱ्या बुटाची नाडी आपण होऊन काढून दिली. याला सांगितलं, तुमच्या भावाचा फोन आहे. त्याला सांगितलं, तुमच्या भावाचा फोन आहे. दोघं म्हणाले, हॅलो. आणि गप्प. एक मिनिट. दोन मिनिटं. ऐकायची परवानगी नसते, तरी ही ऐकतेय. सात मिनिटं नुसता श्वास.

"ए आप्रे, मामी?"

आजीने नाक चिमटीत धरलं आणि जोरात शिंकून दाखवलं. एक भाऊ शिंकला! दुसरा म्हणाला... आजी अडकली. दुसरा काय म्हणाला ते तिला आपल्या भाषेत माहीत होतं, फ्रेंचमध्ये नाही. ती काकांकडे बघायला लागली.

पण पोरगीच म्हणाली, "आ ते सुए!" आणि आजीला काही कळलं नाही असं बघून तिने काकांकडे मान वळवली. शिंकल्यावर समोरच्याला म्हणायचं असतं, तुझ्या इच्छा पुऱ्या होवोत, काकांनी सांगितलं. शत्रू असला तरी म्हणावंच लागतं.

"आ ते सुए," आजी सावकाश म्हणाली. "हो. असंच म्हणाला."

पाच वाजून गेले होते. जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि मुलगा दारात उभा राहिला. चाळिशीचा, हातात मोबाइल, कपाळावर घाम. "आई, गाडी खाली थांबलीये. सगळ्या बॅगा चढवल्या. चला, चला, उशीर..."

"श्श!" पोरगी बापावर खेकसली.

त्याने आईकडे पाहिलं. आपली आई मोडक्या फ्रेंचमध्ये, माझ्या पाठीला धरून, दोन भावांना एकमेकांशी बोलायला लावत होती. एक म्हणाला, ताप आहे का तुला? दुसरा म्हणाला, नाही, धूळ आहे, तुझ्या कुलपांची. आणि दोघं हसले. संध्याकाळपर्यंत गावातली सगळी दारं उघडली.

मुलाने मोबाइल खिशात घातला.

"हे मला कधी सांगितलं नाहीस, आई."

फोनआजी त्याच्याकडे वळली. "तू शाळेतून यायचास तेव्हा माझी कामाची पाळी सुरू व्हायची रे. तुला शेजारणीकडून किल्ली मिळायची आणि मला बोर्डावरचे लाल दिवे. कधी सांगणार होते?"

पोरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. दोघांचं बोलणं तिला कळलं नव्हतं, पण बापाला गोष्ट माहीत नाही एवढं तिने ओळखलं. माझ्यावर तशीच गुडघ्यांवर बसून तिने नाडीचं एक टोक बापाच्या हातात दिलं, जमिनीकडे बोट दाखवलं आणि फ्रेंचमध्ये सुरू झाली, पहिल्यापासून. दोन भाऊ होते. पण तिच्या गोष्टीत कुलूपवाला एका पायाने लंगडा होता, आणि गावातले लोक घरात जाता येईना म्हणून झाडांवर राहायला गेले होते.

बाप खाली फरशीवर बसला, इस्त्रीच्या कपड्यांत. रस्त्यावर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. आजीने तोंड उघडलं होतं. झाडंबिडं काही नव्हती, असं सांगणार होती बहुतेक. पण तिने तोंड मिटून घेतलं, आणि बाकावर टेकून पहिल्यांदा स्वतःची गोष्ट ऐकत बसली. हात मांडीवर, किल्ल्या गप्प.

विमान चुकलं नाही. थोडक्यात वाचलं. पोरगी मात्र नाड्यांशिवाय गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली, मित्रांनो. खलाशीकाकांना जिना चढवत नाही. फोनआजी गेली. मधे एक-दोन वर्षं सगळ्यांनी मोबाइलवरच भाषा शिकायला घेतली, तेव्हा वर्ग बंद होता आणि माझ्यावर लोकांनी ओल्या छत्र्या, फायली, एकदा तर अख्खा पंखा ठेवला होता. पंख्याने मला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्याच्यावर काही बेतलंच नव्हतं. ती वर्षं आठवली की अजून माझे सांधे आखडतात. आता बाईंची एक विद्यार्थिनी वर्ग चालवते आणि पुन्हा लोक येतात, पण कुणी यायचं राहिलं की मला धसका बसतो.

म्हणून एक मागणं आहे. मला पुसा किंवा नका पुसू, रंगवा किंवा नका रंगवू, वेत फाटला तर फाटू दे. पण मला रिकामी ठेवू नका. तुमच्या घराजवळ, वरच्या मजल्यावर, कोपऱ्यावरच्या दुकानात दुसऱ्या मुलखातून आलेलं माणूस असेल, ज्याची भाषा तुम्ही पुस्तकातून घोकताय. त्याला बोलवा, बसायला द्या, पाणी द्या, आणि त्याची चूक काढू नका. आणि घरातलं जे माणूस कधी कामाच्या पाळीमुळे, कधी घाईमुळे सांगायचं राहिलं असेल, त्याच्यासमोर तुम्हीच आधी जमिनीवर बसा. वेळ बघू नका.

बघा, बोलता बोलता मी सरकत सरकत थेट तुमच्या पुढ्यात आले. आता फार चालायलाही नको, तुम्हीच चढून बसा. मला फार वाट बघवत नाही. सांगा.